चोरओटी कोण भरणार?

सोलापूर
१० फेब्रुवारी २०२५

चि. तानाबाईस अण्णाचा आशीर्वाद.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. फोनवर मला हल्ली अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरतो, त्यातून भांडणं होतात. शिवाय मला तुझं बोलणं कागदावर हवं आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आपल्या जिल्ह्यातले शब्द गोळा करतोय, हे तुला ठाऊक आहे. दहा वर्षं झाली, अजून 'च'वरच आहे. दानम्मा म्हणते, या वेगाने 'ज्ञ'पर्यंत पोचायला तुम्हाला पुढचा जन्म घ्यावा लागेल.

सध्या 'चोर' या शब्दापाशी गाडी अडलीय. चोरी करणारा तो चोर, हे पहिलीतलं पोरही सांगेल. मला हवाय तो दुसऱ्या शब्दाला चिकटणारा. चोरखिसा, चोरकप्पा, चोरदरवाजा, चोरवाट. कुणी चोरपावलांनी येतं, कुणी चोरून बघतं. यात चोरीला काहीच गेलेलं नसतं, नुसती लपवाछपवी असते. मी चिठ्ठीवर अर्थ लिहिला, 'दुसऱ्यास कळू न देता केलेले, बहुधा लबाडीचे', आणि दानम्माला वाचून दाखवला. ती तिचं कानडी 'री' लावून म्हणाली, "मग चोरओटी पण लबाडीच काय री?" एवढं बोलून ती आत गेली. पुढे विचारलं तर म्हणे तानाबाईंना विचारा. तू पस्तीस वर्षं मोडनिंबच्या अंगणवाडीत काढलीस, गावातली प्रत्येक गरोदर बाई तुझ्या नजरेखालून गेली. तर चोरओटी म्हणजे काय, कशी भरतात, आणि हा शब्द वापरून एक-दोन वाक्यं, एवढं पाठव.

घरी ठीक. फक्त दानम्माचं लक्षण मला बरं दिसत नाही. तिला साखरेचा आजार, खाणं मोजून मापून. पण डब्यातल्या कडक भाकऱ्या चार दिवसांत संपतात आणि शेंगाचटणीची बरणी तळ दाखवते. खाणारे आम्ही दोघं, त्यातला मी दातांमुळे कडक भाकरी चघळतच बसतो. ती परसात जाऊन फोनवर हळू आवाजात बोलते आणि मी गेलो की, "भाजी काय करू?" असं मलाच विचारते. चोरून खाण्याचं वय आहे का हे? तू जरा समजाव.

तुझा,
अण्णा (चनबसप्पा)


मोडनिंब
१८ फेब्रुवारी २०२५

अण्णांना तानाबाईचा नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्ही आमच्या दादांच्या घरी भाड्यानं राहून मला दहावीचं मराठी शिकवलं तेव्हाही असंच करायचा. प्रश्न एक विचारायचा आणि तक्रारी चार सांगायच्या. वहिनींना मी काही समजावणार नाही. त्या शहाण्या आहेत.

चोरओटीचं सांगते. बाईला दिवस राहिले की पहिले तीन महिने कुणी बोलत नाही. तेवढ्यात काही कमीजास्त झालं तर गावभर तोंड द्यावं लागू नये म्हणून. मग तिसरा सरायच्या आत माहेरची एखादी सवाष्ण येते, दार लोटून घेतात, आणि खण, नारळ, गहू, हळकुंड घालून ओटी भरतात. बोलावणं नाही, हळदीकुंकू नाही, शेजारणीलाही पत्ता नाही. हिरवी चोळीही देतात, तिला चोरचोळी म्हणतात. सातव्या महिन्यात वाजतगाजत होतं ते वेगळं.

माझी या तीन महिन्यांपायी नोकरीभर ओढाताण झाली. नाव लवकर नोंदवा, गोळ्या लवकर सुरू करा, असा वरून हुकूम. आणि बाया तर तोंड उघडायच्या नाहीत. मग मी पिठाच्या गिरणीवर बसायची. दळणाच्या वासानं जी पदर नाकाला लावील तिच्या घरी दुसऱ्या दिवशी सहज म्हणून जायची. नाव वहीत पेन्सिलीनं लिहायची आणि चोरओटी झाली की शाईनं. साहेबांनी एकदा विचारलं, ही पेन्सिल कशाला? मी म्हटलं, शाई संपली होती.

तेव्हा अण्णा, तुमची चिठ्ठी चुकली. लपवलेलं सगळं लबाडीचं नसतं. बी पेरलं की वर माती ओढतोच की आपण.

वाक्य मागितलंत, हे घ्या. "मोडनिंबात एका पोरीची चोरओटी भरायची हाय, पर भरणारी बाई सापडंना." दुसरं असं, "महिना सरत आला, माहेरचं कुणी येईना, पोरगी वाटंकडं डोळं लावून बसलीया." नीट वाचा. दोनदा वाचा.

तुमची धाकटी बहीण,
तानाबाई


सोलापूर
२४ फेब्रुवारी २०२५

चि. तानाबाईस,

वा! दोन्ही वाक्यं चिठ्ठीवर चढली. 'सापडंना' आणि 'येईना' ही रूपं तर अस्सल, शिक्षणाने बिघडलेली नाहीत. दुसऱ्या वाक्यात एकच सुधारणा केली. 'महिना सरत आला' हे संदिग्ध आहे, कारण वाचणाऱ्याला तो पगाराचाही महिना वाटेल. म्हणून 'तिसरा महिना' असं केलं. तुझी हरकत नसावी. दोनदा वाच म्हणालीस, मी पाच वेळा वाचली. माझ्या एका मित्रालाही दाखवली, तो म्हणाला की या दोन वाक्यांत एक आख्खी गोष्ट आहे.

'बहुधा लबाडीचे' हे शब्द खोडले. कबूल, तुझा मुद्दा बरोबर. तरी मला एक कळत नाही. चांगली बातमी लपवायची कशाला? हा दृष्ट लागण्याच्या भीतीचाच प्रकार ना? मी आयुष्यभर वर्गात आणि व्याख्यानांत अशा समजुतींवर बोललो. मुलींचं शिक्षण, विधवांचं लग्न, हुंडा, एक विषय सोडला नाही.

आता पुढचे प्रश्न. भरणारी माहेरचीच का लागते? माहेर नसलेल्या बाईने काय करायचं? अशा वेळी दुसरी कुणी चालते का, आणि तिला काही वेगळा शब्द आहे का?

दानम्माचं चालूच आहे. काल तिला एस. टी. स्टँडवर पाहिलं. टेंभुर्णी गाडीच्या कंडक्टरच्या हातात कापडी पिशवी देत होती. मी हाक मारली तर म्हणाली, "त्याची आई आजारी हाय री." कंडक्टरच्या आईशी हिची ओळख कधी झाली?

अण्णा


मोडनिंब
१ मार्च २०२५

अण्णा,

आज नमस्कार वगैरे शेवटी करते. आधी बोलते.

तुम्ही एवढे शिकलेले, आणि एक माणूस तुमच्या पाया पडत होतं तर तुम्ही त्याचं व्याकरण सुधारलंत. ती वाक्यं तुमच्या चिठ्ठ्यांच्या डब्यासाठी नव्हती. ती पोरगी अंकिता आहे. तुमची अंकिता. तुमच्या लेकानं, मंजूनं, बार्शीच्या कॉलेजातून सून म्हणून आणलेली, तुम्हाला अप्पा म्हणणारी, मंजू गेल्यावर दोन वर्षं तुमच्या दोघांचं औषधपाणी बघणारी. युवराजशी लग्न होऊन ती या गावात आली त्याला या एप्रिलमध्ये दोन वर्षं होतील. ती आता गरोदर आहे. तिसरा महिना मार्चअखेर सरतो.

वहिनींनी लपवलं तेही सांगते. पोरीच्या पोटात अन्न ठरत नाही. सकाळी कडक भाकरीचा तुकडा आणि चटणी, एवढंच राहतं. म्हणून वहिनी भाकऱ्या पाठवतात. कंडक्टरची आई ठणठणीत आहे.

गेल्या वर्षीही अंकिताला दिवस राहिले होते. दोन महिन्यांत गेलं. तेव्हा तिची सासू दगडाबाई रागाच्या भरात बोलून गेली, "हिला माहेर न्हाय, ओटी भराया कुनी न्हाय, मग टिकंल कसं?" समजूत खुळी आहे, मला सांगू नका. पण पोरीच्या मनात ती जाऊन बसली. तिची आई लहानपणी वारली, मामानं वाढवलं, तो मामाही नाही. आता ती पायरी उतरतानाही पोटाशी हात धरते. मी रोज जाते, गोळ्या देते, वजन बघते, डॉक्टरकडं नेते. पण तिची भीती जाईल असं औषध माझ्या पेटीत नाही.

मीच भरली असती. पण मालक जाऊन बारा वर्षं झाली. विधवेची ओटी दगडाबाईला चालणार नाही, आणि त्यावरून भांडत बसायची ही वेळ नाही. मी तिलाच विचारलं, दानम्मावहिनी आल्या तर? दगडाबाई म्हणाली, "ज्या बाईनं सुनंला लेक म्हणून उजवून दिली, तिच्यापरीस कुनाची ओटी चांगली?" आठवतं ना, त्या लग्नाला वहिनी एकट्या आल्या होत्या. तुमची पाठ दुखत होती. पत्रिकेतल्या शुद्धलेखनाच्या चुका मात्र लाल शाईनं दुरुस्त करून तुम्ही ती टेबलावर ठेवली होती. अंकितानं ती पाहिली होती अण्णा. ती तिच्याकडं अजून आहे.

वहिनी यायला तयार आहेत, पण तुम्हाला चोरून या कामाला येणार नाहीत. भाकरी चोरून पाठवीन, म्हणतात, ओटी घरच्या माणसाच्या होकारानंच भरीन. तुम्हाला घाबरून त्या गप्प नाहीत. अंकिताचं नाव निघालं की तुम्ही दोन दिवस जेवत नाही, म्हणून गप्प आहेत.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. माहेर नसलेल्या बाईनं काय करायचं, हे तुम्हीच मला कळवा.

नमस्कार.
तानाबाई


सोलापूर
१० मार्च २०२५

तानाबाई,

पत्र येऊन सहा दिवस झाले. चार वेळा लिहायला बसलो आणि चार वेळा फाडलं. दानम्माला मी अजून काही बोललेलो नाही. ती भाकऱ्या थापते, मी ऐकत बसतो.

तुला एक सांगतो, दानम्मालाही माहीत नाही. गेल्या श्रावणात शब्द गोळा करायला बार्शीला जातो असं सांगून मी टेंभुर्णीच्या गाडीत बसलो आणि मोडनिंबला उतरलो. तुझ्याकडे आलो नाही. रस्त्याच्या पलीकडे युवराजचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, त्याच्यासमोर चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलो. अंकिता त्याचा डबा घेऊन आली. तो काहीतरी बोलला आणि ती हसली. खूप हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मंजू असताना हसायची तशी.

मला राग आला. मग त्या रागाची एवढी लाज वाटली की पुढच्या गाडीने मी परत आलो. घरी सांगितलं, बार्शीत फारसे शब्द मिळाले नाहीत.

मी विधवांच्या लग्नावर भाषणं दिली हे खरं. लोक टाळ्या वाजवायचे. पण आपल्या पोराची बायको दुसऱ्याच्या मांडवात उभी राहते, तेव्हा काय करायचं हे त्या भाषणांत नव्हतं. मी लग्नाला आलो असतो तर मंजू खरंच गेला, असं झालं असतं. नाही आलो तरी तो गेलेलाच होता. मी फक्त पोरीला दुखावलं. गेल्या वर्षीच्या त्या दोन महिन्यांचं तर मला कुणी सांगितलंही नाही, आणि त्यात चूक तुमची नाही.

दानम्मा येईल. मी तिला आज सांगतो. तिला गाडीत बसवून देतो, तू उतरवून घे. मी मात्र नको. कोणत्या तोंडाने येऊ? ओटीच्या कामात पुरुषाचं तसंही काही नसतं.

अण्णा


मोडनिंब
१३ मार्च २०२५

अण्णांना नमस्कार.

पत्र वाचून रडले, मग हसले. त्या टपरीवाल्यानं मला तेव्हाच सांगितलं होतं, तुमचे मास्तर येऊन पेपर उलटा धरून बसले होते. मी अंकिताला बोलले नव्हते. आता बोलले. ती म्हणाली, "अप्पा आले होते?" पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली.

आता ऐका. वहिनी एकट्या आल्या तर त्या पाहुण्या. गावाला सांगता येईल, जुनी ओळख आहे, आल्या होत्या. दोघं आलात तर ते माहेर. पोरीला खण-नारळ कुठूनही मिळेल, तिला मागं उभी राहणारी माणसं हवीत. कोणत्या तोंडानं येऊ विचारता. जे आहे तेच घेऊन या, दुसरं कुठून आणणार?

शुक्रवार, २१ तारीख धरली आहे. सकाळची गाडी घ्या. मी त्या दिवशी नसेन. गुरुवारीच लेकीकडं जेऊरला जाते. कामाचं निमित्त सांगितलं आहे, पण खरं तुम्हाला सांगते. मी गावात असले तर अंकिता मला बोलवल्याशिवाय राहणार नाही, आणि दगडाबाईच्या मनात एवढीशीही शंका त्या दिवशी नको. मला वाईट वाटत नाही असं नाही. पण आधी बाळ.

काय काय झालं ते सगळं लिहा. जेऊरचा पत्ता मागं आहे. आणि कृपा करून भाषा तपासत बसू नका.

तानाबाई


सोलापूर
२२ मार्च २०२५

चि. तानाबाईस खूप खूप आशीर्वाद.

काल जाऊन आलो. सगळं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो.

दानम्मा पहाटेच उठून बसली होती. ओटीचं सामान पिशवीत, त्यावर माझी जुनी मासिकं, कारण कुणाला नारळ दिसायला नको. मी बूट घातले, काढले, पुन्हा घातले. शेवटी ती दारातून म्हणाली, "नडी री, चला, गाडी काय तुमच्यासाठी थांबतीय?" आणि माझा हात धरून मला बाहेर काढलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात रस्त्यावर तिने माझा हात धरलेला मला आठवत नाही.

युवराज स्टँडवर आला होता. घराच्या दारात अंकिता उभी. वाळलीय गं पोर. मी काय बोलायचं ते गाडीत दीड तास पाठ करत होतो, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. ती पायाशी वाकायला लागली तेव्हा मी म्हणालो, "वाकू नको, वाकू नको." दोनदा. एवढंच. ती म्हणाली, "अप्पा, उन्हातनं आलात, पाणी घ्या." आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना. दगडाबाईंनी मोठ्या शहाणपणाने दुसरीकडे तोंड फिरवलं.

बायका आत गेल्या, दार लोटलं. मी आणि युवराज बाहेर खुर्च्यांवर. मग तोच म्हणाला, "अप्पा, मंजुनाथरावांचा फोटो तिच्याजवळ हाय. कपाटात ठिवलाय. मी कदी काढ म्हणलं न्हाय." मी म्हणालो, बरं केलंत. तो पोरगा मला आवडला. हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली, तू हसशील.

तेवढ्यात शेजारची बाई वाटीभर साखर मागायला दारात. चोरओटीच्या वेळी शेजारणीला साखर कशी लागते, हे मला कळत नाही. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "पावणं कुटलं म्हणायचं?" युवराज गडबडला. "सोलापूरचं... ते आपलं... मास्तर..." असं करायला लागला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी अंकिताचा बाप. लेकीला भेटायला आलोय." ती बाई म्हणाली, "आगं बया, तिला बाप हाय व्हय!" आणि साखर न घेताच गेली. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं असणार, पण ओटीचं कुणाला कळलं नाही.

आतून दानम्माचा आवाज येत होता. कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत होती, मंजूच्या लहानपणी त्याला न्हाऊ घालताना म्हणायची तसलं. मग अंकिताचा हुंदका, मग तिघींचं एकदम हसणं. कशावर हसल्या ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

दार उघडल्यावर अंकिताने तुझं नाव काढलं. सासूसमोरच म्हणाली, "तानामावशी मुद्दाम गेल्या, ते मला कळतंय. सातव्या महिन्यात माझी ओटी पहिल्यांदा त्याच भरतील." दगडाबाईंनी पोह्यांच्या ताटल्या ठेवल्या, पदर सारखा केला, आणि म्हणाल्या, "भरू दे की. दोन वरसं पोरीपाठी रोज पळतीया ती, आनी मी काय आंधळी हाय व्हय?" तेव्हा तू आता जेऊरहून परत ये.

निघायच्या वेळी दगडाबाईंनी खरा प्रश्न काढला. डॉक्टरांनी तारीख दसऱ्याच्या आसपासची दिलीय. त्या दानम्माला म्हणाल्या, "पैलं बाळतपन हाय. हितं करायचं का कुटं, ते आत्ताच ठरवा. पुना वडातान नको." अंकिता खाली बघत होती. तिला वाटलं असणार, ओटीपुरतं माहेर मिळालं तेवढंही पुष्कळ. दानम्मा माझ्याकडे बघायला लागली, पण मी तिची वाट पाहिली नाही.

म्हणालो, "पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. आमच्याकडे, सोलापूरला. सातवा उरकला की मी स्वतः न्यायला येतो."

अंकिता उठली, आत गेली आणि आपल्या औषधांची फाईल आणून माझ्या हातात दिली. म्हणाली, "मग हे तुमच्याकडं असू द्या, अप्पा. मी ती सारखी हरवते."

अण्णा